एकतीस नंबर

खानापूरला उतरले तेव्हा अकरा वाजले होते.
तिकीट दहा रुपये,
मागे शिक्का, शिक्क्यात दोन तोंडांचं पाखरू.
ज्या खिडकीतून मदर सुपीरियर पालकांना
बिनदुधाचा चहा द्यायच्या आणि कधी वाईट बातमी,
तिथंच तिकीट मिळतं आता.

दारात चपला काढू लागले
तर पहारेकरी म्हणाला,
"असू देत की अक्का, देऊळ न्हवं हे."
देऊळ तेव्हाही नव्हतं.
खरं आम्ही काढायचो.
फरशी मे महिन्यातसुद्धा थंड,
आणि सिस्टर आनास्तासिया पुढे निघून गेल्यावर
मागून त्यांच्या पावलांचा आवाज यायचा.
बार्देसकरांच्या त्या, आजऱ्याकडच्या.
मराठीत सुरू केलेला राग
कोंकणीत संपवायच्या,
म्हणून कमी लागायचा.

जेवणघरात वीरगळ उभे केलेत.
अकरा. भिंतीला पाठ लावून,
आमटीच्या रांगेत उभे राहावेत तसे.
खालच्या पट्टीत गाई पळवून नेतायत,
मधल्या पट्टीत दोघीजणी त्याला
दंडाला धरून वर नेतायत,
सर्वांत वर तो बसलाय निवांत.
नाव कुणाचंच नाही.
इथूनच मी एकदा कारल्याची भाजी
फ्रॉकच्या खिशातून बाहेर नेली होती.

प्रार्थनाघरात, वेदीच्या जागी,
निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा तराजू.
एक पारडं खाली.
काही नसताना खाली.

पुढे काचेखाली नकाशा, मुंबई इलाखा.
शेजारी पाटी दोन भाषांत.
तिसरी कुणीतरी पेनानं लिहिलेली,
कुणीतरी खोडलेली.
हा नकाशा कुणाच्या तरी खिशात
वर्षानुवर्षं घडी घालून हिंडला असावा.
घडी नेमकी आमच्या गावावरून गेलीय.
नंदगडच्या पुढं कागदच नाही,
मागचं पांढरं कापड दिसतं.
मी बोट ठेवलं.
नंतर पदरानं काच पुसावी लागली.

वर, झोपायच्या हॉलमध्ये,
इथल्या कुंभारांची मडकी, रांजण, कौलं.
प्रत्येकाखाली चिठ्ठी: माती, भाजणी, साल अंदाजे.
छताला आकडे आहेत अजून, मच्छरदाण्यांचे.
त्यांच्याखाली चिठ्ठी नाही.
दुसरे आकडे आमच्या अंगावर असायचे,
परकरावर, उशीवर, टॉवेलच्या कोपऱ्यात,
लाल दोऱ्यानं टाचलेले,
कारण सगळ्यांचे कपडे एकाच हौदात जायचे
आणि धुणारणीला सुशा काय, दमयंती काय, सारख्याच.
मी खिडकीपासून मोजत आले.
माझ्या उशीच्या जागी एक रांजण,
आत चॉकलेटचा कागद.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
वाकून आत तोंड घातलं आणि म्हणाले,
"एकतीस. हजर."
आवाज परत आला तो जरा जाड होऊन,
माझ्या आत्ताच्या वयाचा.

निघताना पाहुण्यांची वही.
नाव, गाव, अभिप्राय. रकाने कानडीत,
ते मला वाचता येतात.
नाव लिहिलं.
गावाशी पेन थांबलं. मागे शाळेची पोरं
खोळंबली होती, म्हणून सुचलं ते लिहिलं:
खिडकीपासून तिसरी खाट.

पहारेकऱ्यानं बोट फिरवत वाचलं.
छातीवरच्या पितळी पट्टीवर नाव, मडिवाळर.
"खाटा मोडीत काढल्या तवा," तो म्हणाला,
"एक आमी घेतली. आई निजत्या तीवर.
हितंच धुणं करायची ती, सिस्टरांचं, पोरींचं."
मग जरा थांबून,
"खाटंच्या पायाला एक फडकं बांधलंय तिनं,
लाल दोऱ्याचं काय तर हाय त्यावर.
सोडू देत न्हाई कुणाला."

नंबर कुठला, मी विचारलं.

"तिला वाचाय येत न्हाई," तो म्हणाला,
"आणि मला बगाय सुचलं न्हाई."

बेळगावच्या बसला अजून पन्नास मिनिटं होती.
"घर लांब हाय का?" मी म्हणाले,
कितीतरी वर्षांनी 'हाय' म्हणाले.